रविवारची सावड

दत्ताची अंत्ययात्रा वेळेवर निघाली आणि म्हणूनच निम्म्या लोकांची ती चुकली. जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या गल्लीत आणि कचेरीतल्या जुन्या मंडळींत एक गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती... दत्ताकडचा कार्यक्रम म्हटला की सांगितलेल्या वेळेनंतर तासाभरानं घरातून निघायचं. त्याच्या वास्तुशांतीला लोक जेवायला पोचले तेव्हा गुरुजींना बोलवायला माणूस नुकताच गेला होता. मुलीचं बारसं त्यानं केलं तेव्हा ती पाळण्यात राहायलाच तयार नव्हती, कारण तिला रांगता येत होतं. त्यामुळे याही वेळी लोकांनी सवयीप्रमाणे निवांत आंघोळी केल्या, चहा घेतला आणि गल्लीत येऊन पाहतात तर दार ओढलेलं. आमचे एक निवृत्त साहेब पुढे कितीतरी दिवस मला अडवून सांगत होते, "सुधाकरराव, दत्ताभाऊ वेळेवर निघतील असं कुणाला वाटलं असतं हो?" त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला हसू आवरलं नाही, आणि मग बाजूला जाऊन डोळे पुसावे लागले. गुरुवारची सकाळ, चहा, हातात पेपर, छातीत कळ, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. आयुष्यभर जो माणूस "करू की, जल्दी काय हाय" म्हणत आला, त्यानं एवढं एकच काम असं तडकाफडकी उरकलं.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले ते अण्णा. रंगनाथअण्णा म्हणजे दत्ताचे थोरले भाऊ, हसनाबादला शेती करतात. दत्ताची एकुलती एक मुलगी मनीषा, तिच्या लग्नापासून अण्णांनी या घराची पायरी चढली नव्हती. आता मनीषाची मुलगी शाळेत जाते, यावरून काय तो अंदाज करावा. तेच अण्णा आले, चपला दाराबाहेर काढल्या, दत्ताच्या उशाशी बसले आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले. बाकी कुणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ज्या भावाचं वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नाही त्याच्याजवळ माणूस असा बसतो का, हे कोडं मला तेव्हा उलगडलं नाही. गेल्यावर राग विसरतात माणसं, असं म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला. माझा अंदाज साफ चुकला होता, पण ते पुढे सांगतो.

दत्ता आणि मी एकाच सरकारी कचेरीत कारकून होतो आणि एकाच गल्लीत राहत होतो, त्यामुळे त्याचा आळस मी दोन्हीकडून पाहिला. आळशी माणूस म्हणजे लोळणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. दत्ता कधी लोळला नाही. तो पहाटे उठायचा, दिवसभर कशात ना कशात गुंतलेला असायचा, फक्त जे करायचं ते सोडून. वरिष्ठांना टिपणी द्यायची असली की त्याला टेबलाचा डुगडुगणारा पाय दिसायचा. मग लाकडाची चकती शोध, ती कापून घे, खाली सरकव, हे सगळं तो इतक्या तन्मयतेनं करायचा की टिपणी मागायला आलेला शिपाईच त्याला टेबल उचलून धरायला मदत करायचा. त्याच्या घराची घंटी कित्येक वर्षं बंद होती. दारावर चिठ्ठी होती, "घंटी बंद आहे, कडी वाजवा." ती चिठ्ठी उन्हानं पिवळी पडली, अक्षरं दिसेनात, लोक येऊन घंटीच दाबत बसायला लागले, तेव्हा शोभावहिनींनी फारच धोसरा काढला म्हणून दत्ता एका रविवारी बाजारात गेला आणि नवी चिठ्ठी छापून, तिला प्लास्टिकचं आवरण घालून घेऊन आला. "आता पावसातबी टिकते," तो मला कौतुकानं म्हणाला. वहिनी आतून म्हणाल्या, "घंटी दुरुस्त करायला गेल्ते ना तुम्ही?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "करून राह्यलो ना." त्याला खरंच वाटायचं की तो करून राहिला आहे.

मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र हा हसण्याचा विषय राहिला नाही. आपल्याकडे भावकीला बोलावणं म्हणजे पत्रिका टाकून येणं नव्हे. घरच्या माणसानं जावं, कुंकू लावून पत्रिका हातात द्यावी, चहा घ्यावा, "तुम्हीच उभं राहून करायचं" असं तोंडानं म्हणावं. आणि थोरल्या भावाकडे तर सगळ्यात आधी जायचं. दत्तानं परक्यांना पत्रिका दिल्या, कचेरीत दिल्या, जाफराबादच्या लांबच्या पाहुण्यांकडेसुद्धा आम्ही दोघं जीपनं जाऊन आलो. राहिली ती अण्णांची. मी आठवण केली की म्हणायचा, "अण्णाकडं असं घाईघाईत जायचं न्हाई सुधाकर. एक मुक्काम करीन, निवांत बोलन, मंग देईन." हे टाळणं नव्हतं, निदान त्याच्या मनात तरी नव्हतं. कंटाळवाणी कामं आपण पुढे ढकलतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. दत्ता मनापासून करायची कामंसुद्धा ढकलायचा, कारण ती त्याला नीट करायची असत, आणि नीट करायला लागणारा निवांत वेळ कधी मिळतच नसे. शेवटी लग्न तोंडावर आलं तेव्हा त्यानं ती पत्रिका भोकरदनच्या बाजूला जाणाऱ्या एका जीपवाल्याच्या हातात दिली. जीपवाल्यानं ती काचेवरच्या फळीत खोचली आणि स्वतःच्या बहिणीकडे तिकडेच चार दिवस राहिला.

वहिनींनी फोन केला होता, नाही असं नाही. पण अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "येऊ द्या त्याला, मंग बघू." ते वाट पाहत होते. गावात सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी आहे, लग्नात मीच उभा राहणार आहे. नवं धोतर आणून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी ते धोतर नेसून ते ओट्यावर बसून राहिले, सकाळची बस गेली, दुपारची गेली, मग उठून त्यांनी ते बदललं आणि रानात निघून गेले. इकडे मांडवात दत्ता दर गाडीला रस्त्यावर जाऊन बघत होता. पत्रिका पोचली ती मनीषा सासरी गेल्यावर. दत्ता मुलीच्या पाठवणीला जितका रडला नाही तितका ते कळल्यावर रडला.

त्यानंतर तो आळसाच्या हात धुऊन मागे लागला म्हणायला हरकत नाही. गजराचं घड्याळ पिठाच्या डब्यात ठेवून पाहिलं, म्हणजे उठून तिथवर जावंच लागेल. पण पहाटे उठण्याचा त्याला प्रश्नच नव्हता, त्यामुळे फायदा काही नाही आणि पोळ्यांना घड्याळाच्या तेलाचा वास तेवढा येऊ लागला. कुणी सांगितलं म्हणून एक वेळचं जेवण सोडलं, तर उपाशी पोटी त्याला कामाऐवजी फक्त साबुदाणा आठवायचा. हे सगळं करून झालं आणि मग एका रविवारी माझ्या घरी बसल्याबसल्या त्याला इलाज सापडला. आम्ही गप्पा मारत होतो. बोलताबोलता तो उठला, माझ्याकडची पक्कड घेतली आणि मोरीतला गळका नळ खोलून, वायसर बदलून परत बसवला. गप्पा सुरूच. माझी बायको रजनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घरच्या नळाखाली बादली ठेवलीय म्हणे वहिनींनी. तो कधी करणार?" दत्ता हातातल्या पकडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुधाकर, सावड करू."

सावड म्हणजे काय ते गावाकडच्यांना सांगायला नको, शहरातल्यांसाठी सांगतो. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवतो. दोघं मिळून आधी एकाचं रान पेरतात, मग दुसऱ्याचं. दत्ताच्या वडिलांकडे बरेच दिवस एकच बैल होता, त्यामुळे हा व्यवहार त्याच्या अंगात मुरलेला होता. त्याचं म्हणणं असं, "आपलं काम आपल्याला वळखतं रे. किती बार टाळलं ते त्याला बराबर ठावं ऱ्हातं, म्हनून त्याच्यासमोर जायची लाज वाटते. दुसऱ्याच्या कामाशी आपली नवी वळख. ते काय बोलत न्हाई." तेव्हा ठरलं की रविवारी माझी रखडलेली कामं त्यानं करायची आणि त्याची मी. मला हे पोरकट वाटलं होतं. पण पहिल्याच रविवारी मी त्याच्या घरी गेलो, नळ बसवला, घंटीची तार जोडली, बटण दाबलं आणि घंटी वाजली. शोभावहिनी दचकून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना तो आवाज कुणाच्या घरचा आहे हेच कळलं नाही. प्लास्टिकची ती सुंदर चिठ्ठी मात्र दत्तानं काढू दिली नाही, नवीकोरी आहे म्हणाला.

मग आमचे रविवार असे जाऊ लागले. त्याचा कूलर मी साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उन्हाळ्याच्या आधी सुरू झाला. माझा माळा त्यानं आवरला. मी स्वतः माळ्यावर चढलो की पहिल्याच डब्यात मुलांच्या जुन्या वह्या निघतात आणि दुपार तिथेच जाते. दत्ताला माझ्या वह्यांचं काय सोयरसुतक? भराभर माळा रिकामा. त्याचा माळा मी आवरला तेव्हा मनीषाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा निघाला. रद्दीत टाकू का म्हणून विचारलं तर वर न बघताच म्हणाला, "ऱ्हाऊ दे." सावडीचे घोटाळेही झाले. माझे एक मामा आहेत, फोनवर त्यांच्या पोटाच्या तक्रारींपासून सुरुवात होते आणि त्या सगळ्या ऐकाव्या लागतात, म्हणून मी तो फोन टाळत होतो. तो मी सावडीत दत्ताला दिला. दत्तानं त्यांच्याशी दुपारभर गप्पा मारल्या, हिंग कसा घ्यायचा ते सांगितलं. तेव्हापासून मामा दिवाळीचा फराळ माझ्या पत्त्यावर पण दत्ताच्या नावानं पाठवतात. एकदा माझी दाढ दुखत होती आणि मी दवाखाना टाळत होतो. ती माझ्या बदली काही दत्ता काढून घेऊ शकत नव्हता, पण तो मला रिक्षात घालून घेऊन गेला आणि डॉक्टरांना सगळी लक्षणं त्यानंच सांगितली, इतकी नीट, की डॉक्टरांनी खुर्चीवर त्यालाच बसवलं होतं.

हे सगळं ठीक होतं, पण आम्हा दोघांना माहीत होतं की ही सावड ज्या एका कामासाठी जन्माला आली ते काम तसंच पडून आहे. नळ, कूलर, माळे यांच्या भोवती आम्ही फिरत होतो. एका रविवारी मी सरळ विचारलं, "अण्णांचं काय?" दत्तानं मान खाली घातली आणि म्हणाला, "ते तू कर."

मी गेलो. बसनं हसनाबादला उतरलो, अण्णांच्या ओट्यावर बसलो, पाणी घेतलं. दत्ता किती झुरतोय, जीपवाल्यानं कसा घात केला, सगळं सांगितलं. मी बऱ्यापैकी बोलतो, कचेरीत निरोप समारंभाची भाषणं मीच करायचो, तो सगळा अनुभव पणाला लावला. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यानं तुला धाडलं व्हय? सावडीत?" मी हो म्हणालो. अण्णा म्हणाले, "सावडीत बैल एकटा धाडत न्हाईत. मागं धनी बी येतो." मग मला पोटभर जेवू घातलं, तुरीची डाळ बांधून दिली आणि बसमध्ये बसवताना खिडकीशी येऊन म्हणाले, "म्या रागावून बसलो न्हाई. वाट पाहून राह्यलो. सांग त्याला."

मी तसंच सांगितलं. पुढे दत्ताचं राजूरच्या गणपतीला जाणं सुरू झालं. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी निघायचा, संध्याकाळी प्रसाद घेऊन परत. मनीषा कौतुकानं म्हणायची, बाबा आता धार्मिक झाले. खरी गोष्ट मला ठाऊक होती. जालन्याहून निघताना तो हसनाबादलाच निघायचा. वाटेत राजूरला धीर सुटायचा, मग दर्शन घ्यायचं आणि परतीची गाडी धरायची. मी त्याला कधी छेडलं नाही. बरं, गणपतीलाही सवय झाली असावी. एकदा मीच म्हणालो, "चल, मी येतो बरोबर." तर म्हणाला, "न्हाई, ते सावडीतलं काम न्हाई." त्याच्या तोंडून हे ऐकून मला त्याची खूप माया आली, आणि काळजीही वाटली. दोघंही आता म्हातारे होत चालले होते. दरवेळी राजूरहून परतणारा दत्ता थोडा जास्त थकलेला दिसायचा. ही भेट व्हायची राहून जाईल आणि मग जो मागे राहील त्याला ते उरलेल्या आयुष्यात गिळता येणार नाही, ही धास्ती माझ्या मनात घर करून बसली होती.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी माझ्याकडे त्याची पाळी होती. सकाळी फोन आला, "आज न्हाई जमत रे. कंटाळा आलाय बिलकुल." इतक्या दिवसांत सावडीला त्यानं पहिल्यांदाच दांडी मारली होती. मी रजनीला म्हणालो, गेलं, गाडं मूळपदावर आलं. फोनवरही त्याला चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतले, उलट हसला. त्यानंतर त्याचा माझा बोलण्याचा योग आला नाही.

तेराव्याचं आवरल्यावर शोभावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारायचं होतं. हे गेले त्याच्या पुढच्या रविवारी पुरण घालायला सांगितलं होतं यांनी. पाहुणा आहे म्हणाले, कोण ते सांगेनात. मला वाटलं तुम्हीच. पण मग वाटलं, तुमच्यासाठी पुरण कशाला?" त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की आम्ही दोघंही हसलो. पण मला घरी गेल्यावर चैन पडेना. दोन-तीन आठवडे गेले, सोयाबीनची काढणी आटोपली असेल असा हिशेब करून मी हसनाबादची बस धरली.

अण्णा अंगणात होते. मी पुरणाचं विचारलं तसे ते म्हणाले, "म्याच व्हतो तो पाव्हना." मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो. "आईतवारी दुपारी आल्ता. दारात हुभा राह्यला. हातात पत्रिका, पुडीत कुंकू. आत ये म्हन्लं तर येईना. मला कुंकू लावलं, पत्रिका दिली अन् म्हन्ला, अण्णा, मनीषाचं लगन हाय, तुमीच हुभं राहून करायचं. म्या म्हन्लं, कधी हाय? तर म्हन्ला, झालं." अण्णा थांबले. "मंग आमी दोघं बी हसाय लागलो. हसता हसता ते येडं रडाय लागलं. म्या म्हन्लं येतो, फुडच्या आईतवारी येतो, पुरन घालाय सांग..." दत्ता त्या दिवशी राजूरला उतरला नव्हता. 'कंटाळा आलाय' म्हणून मला सांगून, माझ्या शिव्या खाऊन, तो आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम एकट्यानं करायला निघाला होता, आणि ते त्यानं केलं. मला त्या अंगणात इतकं हलकं वाटलं की मी अण्णांचा हात धरला.

रडून झाल्यावर दोघा भावांना काय बोलावं ते सुचेना, असं अण्णा म्हणाले. तेव्हा दत्तानं इकडेतिकडे पाहिलं. अण्णांची झोपायची बाज सैल होऊन पार झोळी झाली होती, नवारीची नवी पट्टी आणून पडलेली, पण विणायचं राहून गेलेलं. दत्तानं जुनी नवार सोडली, नवी ओढून घेतली आणि विणायला बसला. त्याच्या गाडीची वेळ झाली तेव्हा निम्मी बाज विणून झाली होती. ती अजून तशीच भिंतीला टेकवलेली होती. अण्णा तेव्हापासून खाली घोंगडीवर झोपत होते, आणि पाठ धरली आहे अशी तक्रार करत होते.

मी बाज आडवी केली. विणायचं मला येत नव्हतं आणि अण्णांच्या बोटांत जोर राहिला नव्हता, पण एकानं पट्टी ओवायची आणि दुसऱ्यानं ओढायची असं करत आम्ही संध्याकाळपर्यंत ती पुरी केली. दत्ताची बाजू ढोलकीसारखी ताठ आणि आमची बाजू पायाकडे खोल गेलेली. मी म्हणालो, "अण्णा, सगळी उसवून पुन्हा नीट ओढू. ही तर घसरगुंडी झाली." अण्णांनी मान हलवली. घरातून उशी आणली, दत्तानं विणलेल्या बाजूला ठेवली आणि आडवे झाले. पाय आमच्या बाजूला खाली गेले, डोकं वर राहिलं.

"दत्त्याचा हात बरा व्हता रे," ते म्हणाले आणि उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं.